बारा जणी निघालो, अकरा पोचल्या

लग्नसराई नसताना मायने येसर भाजायला घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. येसर म्हणजे आमच्या बीडकडचा लग्नाचा मसाला. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं असं एकेक वेगळं भाजायचं, जात्यावर दळायचं आणि पाहुण्यांच्या पंगतीला त्याची आमटी करायची. घरात कार्य असल्याशिवाय एवढा खटाटोप कुणी करत नसे. त्या दिवशी शाळेतून आले तर भाजक्या धन्यांचा वास पार अंगणापर्यंत आलेला आणि माय जात्याशी बसलेली. "माय, कुणाचं लगीन हाय?" मी विचारलं. जात्याचा खुंटा न सोडता ती म्हणाली, "लगीन असलं तरच खावं का माणसानं? नाना येणार हायत जेवाया." नाना म्हणजे माझे चुलते. वाटण्या झाल्यापासून शेजारच्याच घरात राहायचे, दिवसातून चारदा यायचे, आणि त्यांच्यासाठी मायने पिठल्याच्या पुढे कधी काही केलेलं मला आठवत नव्हतं. पण माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा खो-खोचा संघ नावेतून गंगा उतरून, पलीकडून रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबादला विभागीय सामन्यांना निघणार होता, आणि त्या संघाची कप्तान मी होते.

आमच्या माजलगाव तालुक्यातल्या काठावरच्या गावांत गोदावरीला गोदावरी म्हणायची पद्धत नाही, ती गंगाच. गंगेच्या अलीकडे आमची शाळा, दहावीपर्यंतची, आणि शाळेमागे एक सराट्यांनी भरलेलं मैदान. कुलकर्णीबाई नावाच्या एक तरुण मास्तरीणबाई अंबाजोगाईहून बदलून आल्या आणि त्यांनी आम्हा पोरींकडून ते मैदान हातांनी वेचून घेतलं. दोन टोकांना दोन खांब रोवले. पहिले सहा महिने गावातले बाप्ये कुंपणावर बसून हसायचे, नंतर तेच 'खो' कुठे चुकला ते आम्हाला सांगायला लागले. आम्ही बारा जणी होतो. नऊ खेळणाऱ्या, तीन राखीव. शाळेने कॅनव्हासचे बूट आणले तेही नऊच जोड. सगळ्यात नवा जोड कप्तान म्हणून माझ्या वाट्याला आला. मी दहावीत होते. आमच्याकडे दहावीनंतर पोरीपुढे वाट एकच असायची आणि ती दुसऱ्याच्या गावाला जायची. बाईंनी मला एकदा वर्गाबाहेर बोलावून सांगितलं होतं, की विभागीय सामन्यात जी चांगली खेळेल तिची राज्याच्या संघासाठी निवड होईल, आणि निवड झाली तर औरंगाबादेत मुलींच्या वसतिगृहात राहून पुढे शिकता येईल. "तू नक्की निवडली जाशील, कौसल्या," त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी महिनाभर उशाला घेऊन झोपत होते.

परवानगीचा प्रश्न होता. माझे वडील, दादा, कमी बोलायचे. नको म्हणायचं असलं की ते पायातली चप्पल सरळ करून ठेवायचे आणि विषय संपायचा. नाना तर शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या होकाराशिवाय पोरीच काय, शाळेची घंटादेखील गावाबाहेर जात नव्हती. कुलकर्णीबाई त्यांच्याकडे तीनदा जाऊन आल्या. दोनदा तोंड पाडून आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "झालं. तुझे काका स्वतः सोबत येणार आहेत." हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता हजेरीपट बघत होत्या. मी घरी येऊन दादांना सांगितलं तर ते चक्क हसले. "जा की. गंगा बी उतर, रेल्वे बी बग." मला वाटलं, माझ्या पळण्याने या माणसांची मनं वळवली. सोळाव्या वर्षी माणूस किती मूर्ख असू शकतं, याचा नमुना म्हणून मी आजही स्वतःला समोर उभी करते.

निघायच्या दिवशी उजाडायच्या आधी मायने माझ्या डोक्यावर वाटीभर तेल जिरवलं. दोन घट्ट वेण्या घालायची सोडून एकच लांब सैल वेणी घातली. हातात नव्या हिरव्या बांगड्या चढवल्या. "माय, खेळात बांगड्या चालत न्हाईत," मी सांगितलं. "तितं गेल्यावर काढून ठेव." माझी पिशवी तिनेच भरली. मी मदतीला गेले तर हात बाजूला केला. वर धपाट्यांचं गाठोडं ठेवलं, लसणाची चटणी ठेवली, आणि पिशवी एवढी जड का झाली हे मी विचारलं नाही. निघताना मी तिच्या पाया पडले. तिने मला उठवलं, तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, "आगं, चारच दिवसांनी येणार हाय मी."

घाटावर नाव लागलेली होती. आता तिथून जवळच मोठा पूल झाला आहे, एसटीत बसलेल्याला गंगा कधी आली आणि कधी गेली कळतदेखील नाही. तेव्हा मात्र पावसाळा संपला तरी दिवाळीनंतरपर्यंत गंगेला उतार नसायचा आणि भोईमामाच्या नावेशिवाय पलीकडे जाता यायचं नाही. नाव चांगली ऐसपैस. एका अंगाला वांग्यांच्या पाट्या, दोन शेळ्या, एक सायकल, आणि उरलेल्या जागेत आम्ही बारा जणी, बाई, नाना आणि सात-आठ उतारू. नाव काठावरून ढकलली की सगळ्या बायका पाण्याला हळदकुंकू वाहायच्या, तसं झालं. मग भोईमामाने लांब वेळू पाण्यात रोवला आणि नाव सरकली. पोरींनी आनंदाने एकच गलका केला. शकू, माझी जोडीदारीण आणि राखीव गडी, हिला पोहायला येत नव्हतं. तिने माझा दंड असा धरला की नखं उमटली.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, सावळी, अंगाने भक्कम, कपाळावर मोठं कुंकू. नाव गयाबाई म्हणाली. अलीकडच्या देवाला नवस फेडायला आली होती आणि आता माघारी जालन्याच्या अंगाला चालली होती, आमच्याच गाडीने. नानांनी तिला ओळख दाखवली नाही, तिनेही नानांकडे पाहिलं नाही. तिने पिशवीतून सुईदोरा काढला. "पोरी, मपल्या डोळ्यांस्नी दिसंना झालंय. एवढी सुई ओवून दे." नाव हलत होती तरी मी पहिल्याच खेपेला ओवून दिली. "नजर चांगली हाय," ती म्हणाली. मग माझी वेणी हातात घेतली, पंजात धरून जाडी पाहिली, टोकापर्यंत हात नेला. "लई दाट हायत गं. कुणाचे, मायचे?" "हां, मायचेच." मग तिला भूक लागली. मी माझं गाठोडं सोडलं, तिला धपाटं दिलं, मग पोरींना वाटलं, बाईंना दिलं, भोईमामाला दिलं, शेवटी राहिलेलं अर्धं मी खाल्लं. ती बघत होती. "कुणी केले धपाटे?" मायने केले होते. पण एवढी कौतुकाने विचारते तर आपणही थोडं मिरवावं म्हणून मी ठोकून दिलं, "मीच केले मावशी." हरभऱ्याच्या झाडावर मला कुणी चढवायची गरजच नव्हती. मी आपणहून चढत होते.

आमच्यात चोरून मुलगी पाहायची चाल होती. उघड दाखवायचा कार्यक्रम केला आणि मुलीला नकार आला तर तिला नाव लागतं, म्हणून मुलाकडची एखादी जाणती बाई आधी बाजारात, जत्रेत, विहिरीवर मुलीला गाठायची, तिला पत्ता लागू न देता पारखायची आणि मगच पुढची बोलणी व्हायची. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या आतेबहिणीला असंच कपिलधारच्या यात्रेत पाहिलं होतं आणि आम्ही पोरींनी तिला त्यावरून वर्षभर चिडवलं होतं. पण मी त्या दिवशी कप्तान होते ना. कप्तानला कोण पारखायला येतंय, असा माझा समज. दुसऱ्याच्या बाबतीत आपण किती शहाणे असतो.

नाव पलीकडे लागली. तिथे काठाला ओल्या वाळूचा लांब पट्टा होता. सडकेपर्यंत न्यायला बैलगाड्या यायच्या होत्या, त्यांना उशीर होता. गयाबाई म्हणाली, "तू लई पळतीस म्हनं. मला बी दाव की जरा. त्या बाभळीपतोर जाऊन ये." मी बूट काढून शकूच्या हातात दिले, परकर खोचला आणि पळाले. देवाशपथ सांगते, त्या सकाळी मी जशी पळाले तशी पुन्हा कधी पळाले नाही. वाळू थंड होती, वारा पाठीमागून होता, पोरी टाळ्या वाजवत होत्या. बाभळीला हात लावून माघारी आले तर गयाबाई वाकून वाळूतली माझी पावलं बघत होती. एका पावलात तिने बोट फिरवलं. "मधी टेकत न्हाई गं तुपलं पाऊल." मला अभिमान वाटला. मीच तिला समजावून सांगितलं, की आमच्या बाईंनी आम्हाला चवड्यावर पळायला शिकवलंय, सपाट पाय टाकला की वेग जातो. सपाट पावलाची मुलगी घर बुडवते असं जुन्या बायका मानतात, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. "दमली न्हाईस?" तिने विचारलं. "दिवसभर पळले तरी दमत न्हाई मी." "असंच पायजे," गयाबाई म्हणाली. तेवढ्यात कुलकर्णीबाई जरा तुटकपणे बोलल्या, "पुरे आता कौसल्या. इकडे ये." मला वाटलं, उद्याच्या सामन्यासाठी त्या माझे पाय जपताहेत.

रेल्वेगाडीचा तो प्रवास मी अनेकदा विसरायचा प्रयत्न केला, पण त्यातला पहिला तास विसरावासा वाटत नाही. आमच्यातल्या दहा जणींनी रेल्वे आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. मीटरगेजची छोटी गाडी, लाकडी बाकं, खिडकीतून येणारी कोळशाची कणी डोळ्यात जायची. आम्ही आळीपाळीने खिडकीशी बसलो. बाहेर कापूस फुटला होता. कुणीतरी फेर धरायची गाणी सुरू केली आणि डब्यातल्या अनोळखी बायकांनीही सूर धरला. शेंगा विकणारा आला, त्याने आमचा आवाज ऐकून एक मूठ फुकट दिली. मी शकूला सांगत होते, की वसतिगृहात मी तुलाही कसं बोलावून घेईन. नाना समोरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. गयाबाई पुढच्या डब्यात चढली होती.

दुपार कलायच्या सुमाराला एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली आणि नाना उठले. त्यांनी फळीवरून माझी पिशवी काढली. "कौसे, चल. हितं मपल्या साडूचं घर हाय. दोन घोट पानी पिऊ आन संध्याकाळच्या गाडीनं जाऊ." मी म्हणाले, "आपुन सगळेच उतरायचं?" "सगळ्यांचं काय काम? तू चल." मला नवल वाटलं पण शंका आली नाही. सामने दुसऱ्या दिवशी होते, संध्याकाळची गाडी खरोखरच होती, आणि चुलत्याला नाही म्हणायची रीत नव्हती. मी पोरींना म्हणाले, "जागा धरून ठेवा गं मला." दारापर्यंत गेले तेव्हा कुलकर्णीबाई मागून आल्या. त्या म्हणाल्या, "कौसल्या, बूट काढून दे. शकूला लागतील."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "मी येते ना बाई संध्याकाळी." त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "असू दे. काढ." संध्याकाळी येणाऱ्या मुलीचे बूट दुपारी कुणी मागत नाही. त्या एका क्षणात मला सगळं कळलं, येसर, बांगड्या, सैल वेणी, सुई, वाळू, सगळं. मी दाराचा दांडा धरला. "मी न्हाई उतरत," मी म्हणाले. नाना खाली फलाटावर उभे होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू न्हाई उतरलीस तर ह्या समद्या उतरतील. माघारी नेतो मी. इचार तुझ्या बाईला." मी बाईंना विचारलं नाही. त्यांचं तोंडच सांगत होतं. डब्यातल्या अकरा पोरी माझ्याकडे बघत होत्या. शकू रडायला लागली होती आणि रडता रडता तिने हात पुढे केला होता. मी खाली बसून बंद सोडले, बूट तिच्या हातात दिले आणि अनवाणी उतरले. फलाटाचा मुरूम तापलेला होता. गाडी हलली तेव्हा कुणीही हात हलवला नाही.

साडूच्या घरी माझ्या पिशवीच्या तळाशी मायने ठेवलेलं जांभळं लुगडं निघालं. घरातल्या बायकांनी ते मला नेसवलं. त्या चांगल्या बायका होत्या, एकीने पायांना थंड पाणी लावलं. मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की संध्याकाळची गाडी अजून जायची आहे. पाहणाऱ्यांनी नकार दिला तर नानांना मला इथे ठेवून काय मिळणार? आणि नकार मिळवणं काय अवघड? मला पळताना पाहिलेली गयाबाई तर त्याच गाडीने पुढे गेली, असा माझा समज. ओसरीत सतरंजीवर चार बाप्ये बसले होते, त्यात मुलगा, मुलाचा बाप. मी पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आले ती उजवा पाय ओढत. चांगली फरफटत चालले. खो-खोत प्रतिपक्षाला फसवायला मी लंगडण्याचं सोंग कितीदा केलं होतं, ते त्या दिवशी जीव ओतून केलं. नाव विचारलं तर दोनदा विचारायला लावलं. बसायला सांगितलं तर पाय आखडून, कण्हत बसले. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाचा बाप नानांना म्हणाला, "पायात खोट हाय व्हय? सांगितलं न्हाई तुमी." नानांचं तोंड उतरलं. मुलगा मान खाली घालून सतरंजीचा धागा उपसत होता. मी मनातल्या मनात म्हणाले, झालं. अजून दोन तास आहेत गाडीला.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "कशाची खोट?" आणि पदर सावरत गयाबाई बाहेर आली. ती हसत होती. मुलाची आई तीच. "सोंग करतीय ती. सकाळी गंगेच्या वाळूत माझ्यासमोर हरणावानी पळली. केस बगितले, नजर बगितली, पाऊल बगितलं, माझं समदं बगून झालंय." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "लंगडू नको बाई. मी रागावली न्हाई. असलीच हुशार पोरगी पायजे मला." सगळे पोट धरून हसले. मुलाचा बापही हसला, नाना तर जरा जास्तच. लगेच पानसुपारी मागवली, सुपारी फोडली, साखर वाटली. सकाळची मावशी दुपारी माझी आत्याबाई झाली. माझ्या तोंडात साखर कोंबली ती मी गिळली. लोक पांगल्यावर मी नानांना म्हणाले, "आता तरी चला की गाडीला. तुमचं झालं ना." त्यांना खरंच कळलं नाही. "आता कशाला?" ते म्हणाले. "काम झालं न्हाई का?"

दोन दिवसांनी मी नानांबरोबर त्याच नावेने माघारी आले. नावेत या खेपेला आम्ही दोघंच ओळखीचे होतो. माय घाटावर उभी होती. मी तिला तिथेच विचारलं, "तुला ठाऊक हुतं ना?" ती म्हणाली, "हुतं." मग माझी पिशवी घेऊन चालायला लागली. चालता चालता, मागे न बघता म्हणाली, "माझे तर दात मोजलते बाजारात, बैलावानी. तुपलं पळणं तरी बगितलं." ती माझं सांत्वन करत होती हे मला आता कळतं. तेव्हा मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. मग लग्न झालं आणि बोलायला ती समोर राहिली नाही.

लग्नाच्या आधी एकदा कुलकर्णीबाई घरी आल्या. संघ दुसरा आला होता. शकू निवडली गेली होती. पुढे ती वसतिगृहात राहिली, शिकली, शाळेत खेळ शिकवायला लागली आणि आता निवृत्त झाली आहे. मध्यंतरी बीडच्या स्टँडवर भेटली तर मला बिलगून म्हणाली, "तुझे बूट मला मोठे व्हायचे गं, पुढं कापूस कोंबून खेळले मी." तिचा दोष नाही. पण त्या दिवशी बाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या काकांनी मला सांगितलं होतं, एक मुलगी मधे उतरेल, नाहीतर एकही जाणार नाही. मी अकरा जणींचा विचार केला." मी म्हणाले, "मला सांगायचं तरी." "सांगितलं असतं तर तू आली असतीस?" "न्हाई." "मग?" बाईंचं बरोबर होतं असं मला आजही सांगणारे आहेत. माझी सून सांगते, शकू सांगते. मला पटत नाही. मला विचारलं असतं तर मी दोन दिवस रडले असते, आणि कदाचित मीच म्हणाले असते, जाऊ द्या बाकीच्यांना. पण ते म्हणायचा मान माझा होता आणि तो त्यांनी घेतला. त्या वारल्याचं मला शकूने फोन करून सांगितलं. मी गेले नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

त्या भेटीत बाईंनी मला एक प्रमाणपत्र दिलं होतं. माझं नाव यादीत गेलेलं होतं, ते कुणी खोडलं नव्हतं. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की कु. कौसल्या ज्ञानोबा शिंदे हिने उपविजेत्या संघाची कर्णधार म्हणून भाग घेतला. मी ते चुलीत घालायला निघाले होते, मायने काढून घेतलं आणि माझ्या रुखवताच्या ट्रंकेत लपवलं. सासरी ते गयाबाईंच्या हाती लागलं. त्या जालन्याहून त्याला काच बसवून घेऊन आल्या आणि ओसरीत दर्शनी भिंतीवर लावलं. सामना मी खेळले नाही हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी आल्यागेल्याला दाखवायच्या, "आमची सून कप्तान हाय. लई पळती." मी त्याच्याखालून डोक्यावर हंडा, काखेला कळशी घेऊन रोज बारा खेपा करायचे. दिवसभर पळले तरी दमत नाही, हे माझं वाक्य त्यांनी कधी विसरू दिलं नाही. त्या दुष्ट नव्हत्या. मी आजारी पडले तर माझं त्यांनीच केलं. पण त्या काचेवरची धूळ मला पुसायला सांगायच्या तेव्हा मी अक्षरांकडे न बघता फडका फिरवायचे.

त्या गेल्या, मग माझे यजमान गेले. मी केजला मुलाकडे राहायला आले तर मुलाने ते प्रमाणपत्र सामानाबरोबर आणून बैठकीत लावलं. शेत मुलाच्या नावावर आहे, घर सुनेच्या नावावर आहे. माझं माहेरचं नाव या जगात त्या एका कागदावर उरलं आहे, म्हणून मी त्याला हात लावू देत नाही. माझी नात तिच्या शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. ती लहानपणापासून मला विचारते, "आजी, शेवटचा गडी कसा बाद केलास?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला खरं सांगवलं नाही, आणि मी सांगायला लागले. उंच मुलगी होती, डाव्या खांबाशी वळत होती, मी लंगडले, ती फसली, मी झेप घेतली. गेली सात-आठ वर्षं मी तिला तो सामना सांगते आहे. तिला तो पाठ झाला आहे, शाळेत तिने त्यावर निबंधही लिहिला. ती आता दहावीत आहे आणि मी लिहिलेलं सगळं आधी तीच वाचते. हे पान वाचलं की ती मला तो प्रश्न पुन्हा विचारणार नाही.